माझ्या पोटात गोळा येतो

गांगुर्डे बाईंनी कुणाला "घाबरू नका" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी हे दोन शब्द सहज असतील असं वाटतं, पण नव्हते. परीक्षेच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या जिन्यात एखादी मुलगी मटकन बसायची. तळहात घामेजलेले, ओठ पांढरे. आम्ही बाकीच्या प्राध्यापिका तिच्याभोवती जमून पाणी आणा, वारा घाला, घाबरू नकोस गं, असा गलका करायचो. बाई त्या गर्दीतून वाट काढत यायच्या, साडीची पर्वा न करता तिच्या शेजारी पायरीवर बसायच्या आणि विचारायच्या, "कुठं होतंय?"

मुलगी गोंधळायची. "काय, मॅडम?"

"जे होतंय ते. कुठं होतंय?"

कुणी छातीवर हात ठेवायचं, कुणी गळ्यावर. एकदा सुरगाण्याकडची एक मुलगी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाली, "इथं. पायच माझे राहत नाहीत."

"मग बरं झालं," बाई म्हणाल्या. "पेपर बसूनच लिहायचा असतो."

ती मुलगी रडता रडता हसली आणि वर गेली. बाई तिथंच बसून पर्समधले भाजलेले शेंगदाणे काढून खाऊ लागल्या. आम्हालाही दिले.

मी त्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले तेव्हा सत्तरचं दशक निम्म्यावर आलं होतं. बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज खालचा. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून असायची आणि ती कुणी हलवलेली त्यांना चालायची नाही. आपण बोलत असताना त्या आपल्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, हातांकडे बघायच्या. सुरुवातीला मला ते फार अवघड वाटे. मी हात टेबलाखाली घ्यायची. एक दिवस त्या म्हणाल्या, "शैला, तोंडाला घरच्यांनी वळण लावलेलं असतं गं. हातांना कोण लावतंय?"

त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते, इगतपुरीला. घाटात रूळ तपासत चालायचं काम. पावसाळ्यात तिथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि दरड कधी सुटेल याचा नेम नसतो. बाई सांगायच्या, "माझी आई 'भीती वाटते' असं जन्मात कधी बोलली नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घ्यायची. आम्ही भावंडं शाळेतून आलो की आधी सूप बघायचो. सूप तिच्या मांडीवर असलं की समजायचं, घाटात काहीतरी झालंय आणि दादा, म्हणजे वडील, अजून आलेले नाहीत. तिला कुणी कागदावर विचारलं असतं, 'तुम्हाला भीती वाटते का?' तर ती नाही म्हणाली असती. आणि ते खोटं नसतं हं, शैला. तिच्यापाशी तो शब्दच नव्हता. तांदूळ होते."

या बाईंच्या वाट्याला पीएच.डी.चा विषय आला तो नेमका कागदावर भीती मोजायचा. परदेशात तयार झालेली चिंता मोजायची एक प्रश्नावली मराठीत आणायची, नाशिक जिल्ह्यातल्या माणसांवर ती वापरून बघायची, आणि तिकडचे आकडे इकडे लागू पडतात का ते ठरवायचं. पुण्याच्या त्यांच्या मार्गदर्शकांनी तो दिला होता. प्रश्नावलीतली वाक्यं साधी होती. प्रत्येक वाक्य वाचायचं आणि ते आपल्याला किती लागू पडतं ते सांगायचं: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी. मिळालेले गुण जितके जास्त, तितकी चिंता जास्त.

बाईंनी पहिला मसुदा केला आणि तो घेऊन माझ्यापाशी आल्या. "तू मराठीची. बघ, हे माणसांचं वाटतंय का?"

वाटत नव्हतं. "मी भविष्याबद्दल चिंताग्रस्त असतो" असं नाशकात कोण बोलतं? आम्ही दुपारच्या सुट्टीत दार लोटून बसायचो आणि एकेक वाक्य सोलायचो. "चिंता"च्या ऐवजी "काळजी" घातली तेव्हा मला फार बरं वाटलं. बाईंनी ते वाक्य आपल्या वसाहतीतल्या बायकांना वाचून दाखवलं आणि परत आल्या त्या कपाळाला हात लावून. "सगळ्या म्हणतात, नेहमी. एक तर माझ्यावरच उखडली. म्हणे, मी नाय काळजी करणार तर पोरांची कोण करणार? अगं, आपल्यात काळजी करणं हा आजार नाही, ते आईपण आहे. या हिशोबानं नाशकातल्या सगळ्या आया वेड्यांच्या इस्पितळात जायच्या."

"मी शांत असतो" हे वाक्य येवल्यात पडलं. बाई तिथल्या विणकरांकडे गेल्या होत्या. मागावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी ते वाचून दाखवलं. त्यानं धोटा थांबवला, बाईंकडे वर पाहिलं आणि म्हणाला, "शांत? अजून हाय मी, बाई." त्याच्या भावकीतला कुणी आदल्याच आठवड्यात शांत झाला होता. बाई हे सांगताना इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना इतकं हसताना मी पुढे फारसं पाहिलं नाही.

आणि मग ते वाक्य. इंग्रजीत होतं की माझ्या पोटात फुलपाखरं उडतात. मला ते आवडलं होतं. बाई म्हणाल्या, "आपल्याकडं कुणाच्या पोटात फुलपाखरं असतात? जंत असतात." आम्ही बरेच दिवस त्यावर अडलो. काळजात धस्स होतं, हा एकदम बसलेल्या धक्क्याचा शब्द. जीव खालीवर होतो, हा वाट बघण्याचा. शेवटी बाईंनाच सुचलं. त्या फळ्याजवळ उभ्या होत्या, वळून म्हणाल्या, "माझ्या पोटात गोळा येतो."

त्या वाक्यात सगळं होतं. शहरातला बोलतो, खेड्यातला बोलतो, बायका बोलतात, पुरुष बोलतात. बाईंनी ते कागदावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्या दिवशी त्यांनी मला कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहा पाजला.

एका गोष्टीवर मात्र मार्गदर्शक हटून बसले होते. वाक्य सगळ्यांना सारखंच वाचायचं, समजावून सांगायचं नाही, आणि वरून काहीही विचारायचं नाही. बाईंनी पत्रानं वाद घातला, पुण्याला जाऊन घातला. "मी 'कुठं' एवढंच विचारीन," त्या म्हणाल्या. ते म्हणाले, "मग ती चाचणी राहणार नाही, गप्पा होतील. तुम्ही एकाला विचाराल, दुसऱ्याला नाही. तुलना कशी करणार?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बाईंनी ते मानलं.

शहराच्या पश्चिमेला तेव्हा कारखाने भराभर उभे राहत होते. आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं शेती भावावर सोपवून तिथं कामाला लागत होती. त्यातल्याच एका कारखान्यात गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी शिशाच्या पट्ट्या करत. तिथले पर्सोनेल मॅनेजर, दातार, एके दिवशी प्रिन्सिपॉलांची चिठ्ठी घेऊन बाईंकडे आले. फार सभ्य माणूस. पट्ट्यांच्या खात्यातली माणसं बिघडलीत, म्हणाले. झोप नाही, एकमेकांच्या अंगावर जातात, हात थरथरतात, काम अर्धं टाकून घरी जातात. खेड्यातली माणसं आहेत, यंत्राला बुजतात. त्यांच्या मनाचं काही शास्त्रीय मोजमाप होईल का?

बाईंना अशीच जागा हवी होती. एका छपराखाली एवढी माणसं, एकसारखं काम करणारी. त्या लगेच हो म्हणाल्या. बरेच जण लिहिणारे नव्हते म्हणून वाचून दाखवायला त्यांनी मला सोबत घेतलं.

कँटीनच्या एका कोपऱ्यात आम्हाला टेबल दिलं होतं. माणसं एकेक करून यायची. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर करडी धूळ असायची. हात धुऊन आलेली असायची तरी नखांत ती असायचीच. त्यांच्यासाठी चहा यायचा, आणि तो पेला बशीत ठेवताना जो किणकिण आवाज व्हायचा, तो प्रत्येकाच्या वेळी व्हायचा. पहिल्यांदा मला वाटलं, बायांसमोर बसून संकोचतात. एक जण चहा अर्धा ठेवून उठला. म्हणाला, "गोडच लागत नाय आताशा काही. पैसा चोखल्यावानी लागतं."

मी वाचायची, बाई खुणा करायच्या. काळजीच्या वाक्यांना माणसं विचार करून उत्तरं देत. पण "माझ्या पोटात गोळा येतो" हे वाक्य मी पुरं करायच्या आधीच उत्तर यायचं.

"नेहमी."

पुढचा यायचा. "हो. नेहमी."

त्याच्या पुढचा नुसती मान हलवायचा, पण ती वरखाली हलवताना डोळे मिटून घ्यायचा.

एकदा बाईंची पेन्सिल थांबली. त्या समोरच्या माणसाच्या हातांकडे बघत होत्या. तो निवृत्ती अहिरे होता, बागलाणातल्या नामपूरचा. तिशीतला, खांद्यानं रुंद. त्याचा उजवा हात टेबलावर होता आणि डाव्या हातानं त्यानं तो मनगटापाशी धरून ठेवला होता. बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता विचारणार. पण त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पुढचं वाक्य."

बेरीज झाली तेव्हा आकडे कुठल्या कुठे गेले होते. कॉलेजातल्या मुलांचे, येवल्याच्या विणकरांचे, वसाहतीतल्या बायकांचे आकडे त्यांच्या जवळपासही नव्हते. दातारांना घाई होती. बाईंनी एक पानाचा तात्पुरता अहवाल दिला. या खात्यातल्या कामगारांत चिंतेची पातळी फार वरची दिसते, कारणांचा शोध व्हायला हवा, असा. दातारांनी बाईंचे दोनदा आभार मानले. अहवालातलं कारणांच्या शोधाचं पुढचं अर्धं वाक्य त्यांनी कुठेच वापरलं नाही.

नंतर कारखान्यात मनःशांतीवर एक व्याख्यान झालं. ज्यांनी या त्रासाची तक्रार लावून धरली होती, त्यांना एकेक करून काढायला सुरुवात झाली. कागदावर कारण असे: मानसिक दुर्बलतेमुळे कामास अयोग्य.

बाईंना हे माहीत नव्हतं. पण त्या स्वस्थ नव्हत्या. स्टाफरूममध्ये ते आकडे पुढ्यात घेऊन बसायच्या. "शैला, हे बघ. मनाची वाक्यं आहेत ना, तिथं ही माणसं तुझ्यामाझ्यासारखीच आहेत. सगळा आकडा शरीराच्या वाक्यांनी चढलाय. हात, झोप, पोट. असा माणूस मी पाहिलेला नाही. मन जागेवर आणि अंग घाबरलेलं."

आठवडाभरानं अहिरे कॉलेजच्या फाटकात येऊन उभा राहिला. सोबत त्याची बायको जिजा आणि तिच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. शिपायानं बाईंना बोलावलं, मीही गेले. अहिरे खाली बघत होता. बोलली ती जिजा.

"बाई, तुम्ही लिहिलं म्हणे, हा भितो म्हणून."

बाई अहिरेच्या हातांकडे बघत होत्या.

"मी भीत नाय बाई," अहिरे म्हणाला. "सुरुंग लावून विहिरी खोदल्यात मी. दोरानं खाली उतरायचो. तव्हा नाय भ्यालो. इथं कोणाला भिऊ?"

त्या फाटकात, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या सायकली अंगावर येत असताना, बाईंनी शेवटी विचारलं, "कुठं होतंय?"

अहिरेनं बेंबीखाली मूठ दाबून धरली. आणि जिजा आपल्या बोलीत म्हणाली, "पोटमा खरंच गोया शे, बाई. हात लाईसन देखा."

बाईंनी त्याला मानसशास्त्राच्या खोलीत नेऊन बाकावर निजवलं. जिजानं बाईंचा हात धरून त्याच्या पोटावर ठेवला. बाईंनी तो लगेच काढला नाही. मग माझाही हात ओढून तिथं ठेवला. पोट फळीसारखं होतं. आत काहीतरी गच्च आवळून बसलं होतं.

"हात पुढं करा," बाई म्हणाल्या. "दोन्ही. सरळ."

डावा सरळ राहिला. उजवा मनगटातून खाली पडला. त्यानं उचलायचा प्रयत्न केला. दोरीवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा तो लोंबत राहिला. ती लहान मुलगी बापाच्या हाताकडे बघून हसली. तिला तो खेळ वाटला असावा.

आमच्या गल्लीत एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांच्याकडे आम्ही त्याला तसंच रिक्षानं नेलं. त्यांनी पोट तपासलं, हात बघितला, मग त्याला दाराशी, उजेडात नेलं आणि अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ ओढला. हिरडीच्या कडेनं निळसर रेघ होती. शाईच्या टाकानं ओढावी तशी.

"छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांमध्ये पूर्वी बघायचो मी," ते म्हणाले. "शिसं आहे हे. आत गेलंय. याला मनाबिनाचं काय सांगता?" मग त्यांचं लक्ष जिजाकडे गेलं. "कपडे कोण धुतं याचे?"

"मीच धुते. आधी झटकते. लय धूळ निघती."

"पोरगी कुठं असते तेव्हा?"

जिजानं मुलीला जवळ घेतलं.

बाहेर आल्यावर बाई रस्त्याच्या कडेला थांबल्या. मला म्हणाल्या, "ते वाक्य आपण किती प्रेमानं केलं होतं गं." एवढंच. मग चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दातारांकडे गेल्या. मी बरोबर होते. अहवाल परत द्या, म्हणाल्या. माझं मोजमाप या माणसांना लागू पडत नाही. मी भीतीबद्दल विचारत होते, ते पोटाबद्दल सांगत होते. ही माणसं भ्यालेली नाहीत, त्यांना विषबाधा झालीय.

दातारांनी पंखा वाढवला. "बाई, सही तुमची आहे ना?"

"आहे."

"शब्द तुमचे आहेत ना?"

"आहेत. म्हणूनच मला कळतंय ते कुठं चुकलेत."

"मग आज तुम्ही जे म्हणताय तेच बरोबर कशावरून?" ते अगदी मऊ आवाजात बोलत होते. "डॉक्टर तुम्ही नाही. आमचे डॉक्टर दर महिन्याला येतात. तुम्ही थकलात, बाई. थोडी विश्रांती घ्या. तुम्हालाही ताण आला असेल."

परत येताना बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "बघितलंस?" म्हणाल्या. "आता मीसुद्धा त्या कागदावर गेले."

त्यानंतरच्या काही महिन्यांत नेमकं काय झालं असं कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येणार नाही. प्रिन्सिपॉलांनी बाईंना बोलावून कारखान्याच्या मालकांनी कॉलेजला किती आधार दिला आहे याची आठवण दिली. बाईंच्या वसाहतीत, बुद्धविहाराच्या समोर, दुपारच्या वेळी एक काळी ॲम्बॅसडर येऊन उभी राहू लागली. कुणी उतरत नसे. तासभर थांबून निघून जाई. स्टाफरूममध्ये बाई आल्या की बोलणं थांबे. एकदा एका सहकाऱ्यानं मला जिन्यात गाठून सांगितलं, "त्यांचं ठीक आहे हो, त्यांना मोर्चांची सवय असते. तुम्ही कशाला?" त्यांचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही, आणि मी विचारावं असं त्यालाही वाटत नव्हतं. बाई मात्र रोज कॉलेज सुटल्यावर कारखान्याच्या बाजूच्या वस्तीत जायच्या. प्रत्येक घरात बसायच्या, हात पुढे करायला सांगायच्या, ओठ ओढून बघायच्या, डॉक्टरांकडे पाठवायच्या. कागद, पेन्सिल काहीच बरोबर न्यायच्या नाहीत.

आषाढात अहिरेच्या मुलीला झटके आले. सकाळी अंगणात खेळता खेळता पडली आणि दात आवळून बसली. जिजानं तिला तशीच उचलून रस्त्यावर धाव घेतली. एक टेम्पोवाला थांबला म्हणून दवाखाना गाठता आला. मुलगी वाचली. पण त्याआधी ती चुरूचुरू बोलायची, ते थांबलं. तोंड उघडायची, शब्द तिथवर यायचा आणि परत जायचा.

त्या पोरीला बघून आल्यावर बाईंनी लेबर ऑफिसरसमोर साक्ष द्यायचं ठरवलं. कामगारांनी अर्ज केला होता, पण कारखान्याचा सगळा भर बाईंच्याच अहवालावर होता.

ती खोली लहान होती. एका बाजूला कामगार, पुढे अहिरे. दुसऱ्या बाजूला दातार आणि वकील. मी भिंतीशी उभी होते.

वकिलांनी प्रश्नावली हातात धरली. "ही तुमचीच ना?"

"हो."

"किती वर्षं काम करताय यावर?"

बाईंनी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही यातल्या तज्ज्ञ. आणि आता म्हणता ही खोटी?"

"खोटी नाही. ज्या माणसांवर ती बेतली, त्यांच्या पोटात गोळा यायचा तो भीतीनं. या माणसांच्या पोटात शिसं आहे. प्रश्न एकच राहिला, उत्तराचा अर्थ बदलला."

"तुम्ही कामगारांना अर्थ विचारला होता?"

"नाही."

"का?"

बाईंनी दातारांकडे पाहिलं नाही. अहिरेकडे पाहिलं. "तसं करायचं नसतं असं मला सांगितलं होतं. मी ऐकलं. माझ्या आयुष्यात मी माणसाला विचारल्याशिवाय कधी सोडलं नव्हतं, आणि तिथं सोडलं. ही चूक माझी आहे. त्या चुकीवर या माणसांची नोकरी काढू नका."

वकील म्हणाले, "बाईंची मनःस्थिती—"

"माझे हात बघा," बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात ऑफिसरच्या टेबलावर सरळ धरले. ते हलत नव्हते. "आता त्यांचे बघा."

मागे बसलेल्या माणसांनी कुणी न सांगता हात पुढे केले. ते हात मला अजून दिसतात.

निकाल लागला तो अर्धा. कागदावरचा मानसिक दुर्बलतेचा शेरा काढला गेला. नोकरी कुणाला परत मिळाली नाही. तपासणीला माणसं आली, पण त्याच्या आदल्या दिवशी ते खातं पाण्यानं धुऊन काढलं होतं आणि सगळ्यांना तोंडाला बांधायला नवी कोरी फडकी वाटली होती. मग दुरुस्तीसाठी म्हणून खातं बंद झालं. एक दिवस ट्रक आले आणि यंत्रं, भट्ट्या, साचे, सगळं भरून घेऊन गेले. कुठे गेले, कुणाला कळलं नाही. बाईंनी ड्रायव्हर गाठून विचारायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "लांब हाय, बाई. तिकडं पाणी चांगलं हाय म्हणतात, आणि माणसं कामाला लय आहेत."

त्या संध्याकाळी बाईंनी भाजलेले शेंगदाणे काढले, पण खाल्ले नाहीत. मूठ तशीच मिटून बसल्या.

पीएच.डी. झाली नाही. मार्गदर्शकांनी सुचवलं होतं की कारखान्याची माणसं वगळा, बाकीच्यांवर प्रबंध सहज उभा राहील. बाई म्हणाल्या, "त्या माणसांनीच तर मला सांगितलं की हे कुठं मोडतं. त्यांना वगळून मी काय लिहू?" त्यांनी त्या माणसांवरच एक प्रकरण लिहिलं. ते परत आलं. त्यांनी पुन्हा पाठवलं नाही. पुढे त्यांची बदली येवल्याच्या कॉलेजात झाली. त्यांनी मागितली होती की त्यांना घालवलं, हे मला त्यांनी सांगितलं नाही. पत्रं यायची, थोडक्यात. एका पत्रात होतं: "कुठल्या तरी गावात आत्ता माणसं चहा अर्धा ठेवून उठत असतील. मला ते गाव माहीत नाही."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, नामपूरला, अहिरेच्या गावी. परीक्षेच्या कामासाठी मला तिथं पाठवलं होतं. काम संपवून दुपारच्या एस.टी.नं मी नाशिकला परत निघाले होते. कांद्याचा हंगाम होता, बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, म्हणून गाडी स्टँडमधून बाहेर पडता पडता अडकली. खिडकीतून पाहिलं तर पलीकडे मालेगावच्या गाडीच्या दाराशी बाई उभ्या. केस बरेच पांढरे झालेले. एक पाय पायरीवर, एक खाली. त्यांच्यासमोर आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिच्या मागे जिजा. समितीच्या फाटकाशी अहिरे राखणदाराच्या खुर्चीत बसलेला, उजवा हात मांडीवर उलटा पडलेला.

मी हाक मारली. ट्रॅक्टरांच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

मुलीला बाईंना काहीतरी सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं. मान पुढे आली, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे मोठे झाले. शब्द येत नव्हता. जिजा पुढे होऊन तिच्यासाठी बोलायला लागली, तेव्हा बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टरनं दारातून वाकून बाईंना आत या म्हणून खुणावलं. तो काहीतरी ओरडत होता. गाडीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघू लागली. पुन्हा हॉर्न झाला, लांबलचक. बाईंनी वरचा पाय खाली घेतला. मालेगावची गाडी धूळ उडवत त्यांना सोडून निघून गेली.

तेवढ्यात आमच्या पुढची वाट मोकळी झाली आणि आमचीही गाडी सुटली. मी मान वळवून जमेल तितकं बघत राहिले. बाई धुळीत उभ्या होत्या, किंचित वाकलेल्या, मुलीच्या तोंडाकडे बघत. मुलीचं तोंड अजून उघडंच होतं.